निगोंबोतला नाताळ

२२ डिसेंबर २०२३, शुक्रवार

वसईच्या पाचूबंदरात आमच्या घरातलं कुणी नाताळात गावाबाहेर राहिलं, असं माझ्या आठवणीत कधी झालं नव्हतं. आम्ही ख्रिस्ती कोळी. नाताळ जवळ आला की होड्या किनाऱ्याला लागतात, घराला रंग लागतो, दारात चांदणी चढते आणि अंगणात पोरं नाताळगोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, बांधायला घेतात. यंदा माझा नवरा कामासाठी सहा महिने कोलंबोत अडकला. सुट्टी जेमतेम चार दिवसांची, त्यातले दोन येण्याजाण्यात गेले असते. तेव्हा बाबाच म्हणाले, "तो येत नाय तर आपण जाऊ." बाबा ७४ वर्षांचे. आयुष्यभर डोल लावून बोंबील धरले, पण विमानात कधी बसले नव्हते. त्यांनी जावयाला फोनवर एवढंच विचारलं, "तिथं चर्च हाय का? आणि कोळीवाडा?" कोलंबोच्या उत्तरेला साधारण ३५ किलोमीटरवर निगोंबो आहे आणि तिथे दोन्ही भरपूर आहे, असं उत्तर आलं. ठरलं.

मुंबईहून अडीच तासांत कातुनायकेचा विमानतळ. घड्याळाचे काटे फिरवावे लागले नाहीत, वेळ तीच. गाव तिथून दहा किलोमीटर. बाहेर पडताच दमट, खारट हवा अंगाला लागली आणि बाबा म्हणाले, "आपल्याकडची ऑक्टोबरची हवा हाय ही."

हॉटेलात मात्र पंचाईत झाली. महिनाभर आधी पैसे भरले होते, तरी आमच्या नावावर खोली नव्हती. गर्दीचे दिवस, दुसऱ्या कुणाला देऊन टाकली होती. नवरा संध्याकाळी परस्पर येणार होता. मी, बाबा आणि चौदा वर्षांची माझी लेक, तिघं सामान घेऊन रस्त्यावर. आम्हाला घेऊन आलेला रिक्षावाला (तिथे रिक्षाला थ्री-व्हील म्हणतात) हे सगळं बघत थांबला होता. त्याने कुणालातरी फोन लावला आणि आम्हाला लुईस प्लेसच्या मागच्या एका गल्लीत नेलं. त्याच्या मावशीचं घर. वर दोन खोल्या, खाली ती दोघं नवराबायको. दारात जास्वंद, भिंतीवर मारियामातेची तसबीर आणि व्हरांड्यात अर्धवट बांधलेला गोठा.

आंटीने बाबांकडे बघून विचारलं, "नत्तल?"

बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, "नाताळ."

त्यापुढे कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. सिंहलीत सणाला नत्तल म्हणतात, आम्ही नाताळ म्हणतो. दोन्ही शब्द पोर्तुगीज, मूळ एकच. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती, हा किनाराही त्यांच्याकडे होता. ते गेले, शब्द राहिला. रात्री जेवताना लेकीने वहीच काढली. अननसाला अन्नासि, काजूला कजु, साबणाला सबन्, पावाला पान्, बालदीला बाल्दिय. आंटी एकेक वस्तू बोटाने दाखवायची आणि लेक मराठी शब्द सांगायची. लेकीला ती "दुवा" म्हणायला लागली. दुवा म्हणजे मुलगी, आपल्या दुहितेतलाच हा शब्द.

२३ डिसेंबर, शनिवार

पहाटे पाचला बाबा तयार. "रविवारी मार्केट बंद, सोमवारी नाताळ. बघायचं तर आजच." हे त्यांनी रात्रीच अंकलकडून काढून घेतलं होतं. इथले कोळी बहुतेक कॅथलिक, रविवारी मासळीबाजार भरत नाही.

लेल्लम म्हणतात त्या बाजाराला. खाडीच्या तोंडाशी, जुन्या डच किल्ल्याजवळ. भाऊच्या धक्क्यावर सकाळ काढलेल्या माणसाला इथे नवं असं फार नाही. तीच घाई, तोच लिलाव, तोच बर्फाचा चिखल. पण बाबा एकेका पाटीपुढे थांबत होते. सुरमईला थोरा म्हणतात, मोठ्या कुप्याला (ट्यूनाला) केलवल्ला. कुप्याचे तुकडे करणाऱ्याची सुरी हातभर लांब होती. तो पाठीच्या कण्यालगत ती एकदाच फिरवायचा आणि अख्खी बाजू पुस्तकाच्या पानासारखी उलगडायची. बाबा बराच वेळ त्या हाताकडे बघत उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या आईचा हात असाच होता." आई बारा वर्षांपूर्वी गेली. मासळीबाजारात तिची आठवण काढायला बाबांना निमित्त लागत नाही, पण परक्या देशात, परक्या माणसाच्या सुरीवरून ती निघाली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

बाजारामागच्या वाळूवर सुकी मासळी पसरलेली होती. आपल्याकडे बोंबील बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर तोंडात तोंड अडकवून टांगतात. इथे काथ्याच्या चटया वाळूवर अंथरतात आणि मासा पोटातून चिरून, मोठमोठ्या पिंपांत मिठाच्या पाण्यात मुरवून, उन्हात मांडतात. बायका वाकून एकेक मासा उलटत होत्या. चटया नजर पोचेल तिथवर. वासाने लेकीने नाकाला रुमाल लावला. बाबांनी मात्र छाती भरून वास घेतला.

आणि शेजारच्या सुक्या मासळीच्या दुकानात बोंबील! हुबेहूब आपले. बाबांनी बोट दाखवलं. दुकानदार म्हणाला, "बोम्बिलि." कुठून येतात विचारलं तर "इंडिया" म्हणाला. बाबांनी एक बोंबील हातात घेतला, वाकवला, वास घेतला आणि जाणकाराने द्यावा तसा निकाल दिला, "चांगला सुकलाय." दुकानदाराला शब्द कळला नसेल, पण त्याने मान डोलावली.

परतताना किल्ला बघितला. म्हणजे दरवाजा बघितला. डचांनी १६४४ मध्ये हे गाव पोर्तुगीजांकडून कायमचं घेतलं. दरवाजावर १६७८ साल कोरलं आहे. आत आता तुरुंग आहे, त्यामुळे बाहेरूनच. आमचा वसईचा किल्ला उघडा आहे, त्यात आम्ही लहानपणी करवंदं खाल्ली, पडक्या चर्चमध्ये लपाछपी खेळलो. इथल्या पोरांच्या वाट्याला ते नाही.

दुपारी समुद्र. खरं सांगायचं तर निगोंबोचा किनारा पोस्टरवरच्यासारखा नाही. पाणी गढूळसर, वाळू तपकिरी. निळंशार पाणी हवं असेल त्याने दक्षिणेकडे जावं. पण संध्याकाळी होड्या आल्या आणि माझी तक्रार उरली नाही. इथे त्या होडीला ओरुव म्हणतात. हात-दीड हात रुंदीचा अरुंद सांगाडा, एका बाजूला दोन वाकवलेल्या काठ्यांनी जोडलेला लाकडाचा ओंडका, वर चौकोनी तपकिरी शीड. आपल्याकडे वसईत ही पद्धत नाही, पण खाली रत्नागिरी-मालवणकडे आहे. तिकडे त्या बाजूच्या ओंडक्याला उलांडी म्हणतात. बाबांनी लेकीला वाळूत काडीने चित्र काढून समजावलं की होडी एवढी अरुंद असून उलटत कशी नाही. वारा शिडाला ढकलतो, होडी कलायला बघते, उलांडी पाण्यावर तोल धरते. लेकीने भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडल्यासारखे प्रश्न विचारले. बाबांनी सगळ्यांची उत्तरं दिली. ते सातवी शिकलेले आहेत.

२४ डिसेंबर, रविवार

सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कुठे करायची, हे आंटीने ठरवलं. "कटुवापिटियला चला," म्हणाली. मग थांबून म्हणाली, "तुम्हाला जमलं तर."

२१ एप्रिल २०१९, ईस्टरचा रविवार. त्या सकाळी श्रीलंकेत तीन चर्च आणि तीन मोठी हॉटेलं बॉम्बस्फोटांनी हादरली. कटुवापिटियचं संत सेबॅस्टियन चर्च त्यातलं एक. एकट्या या चर्चमध्ये शंभरावर माणसं गेली, त्यांत किती तरी लहान मुलं. बातमी आली त्या दिवशी आम्हीही वसईत ईस्टरच्या मिस्सेहून नुकतेच घरी आलो होतो. नवे कपडे अंगावर होते. टीव्हीवर कौलं उडालेलं छप्पर दिसत होतं आणि माझ्या लेकीने, तेव्हा ती नऊ वर्षांची होती, विचारलं होतं की ते लोकही आत्ता मिस्सेतच होते का.

फाटकावर पोलिसांनी पिशव्या तपासल्या. आत चर्च नवं, स्वच्छ, उजळ. छप्पर पुन्हा घातलेलं. पुनरुत्थित येशूचा जो पुतळा त्या दिवशी तिथे होता, तो काचेत जपून ठेवला आहे. त्याच्यावर रक्ताचे डाग आहेत. कुणी पुसले नाहीत, रंग दिला नाही. बाहेर गेलेल्यांची नावं कोरलेलं स्मारक आहे. आंटीने त्यातल्या एका नावावर बोट ठेवलं, ते बोट तिथेच थोडा वेळ राहिलं आणि मग तिने पदराने ती ओळ पुसून घेतली, घरातली तसबीर पुसावी तशी. कोण होतं ते आम्ही विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

त्याच चर्चमध्ये, त्याच सकाळी, वेदीच्या बाजूला मुलं नाताळगोठ्याला दिव्यांच्या माळा लावत होती. एक माळ पेटेना. एक पोरगा बेंचवर उभा राहून बल्ब एकेक करून फिरवत होता आणि बाकीचे खालून ओरडून त्याला कुठला ते सांगत होते. बाबा त्यांच्यात जाऊन उभे राहिले. पंधरा मिनिटांनी माळ पेटली.

भिंतीवर एका चित्रात काळ्या झग्यातला, हातात क्रूस धरलेला सावळा धर्मगुरू होता. ओळखीचा चेहरा. संत जोसेफ वाझ. गोव्यातल्या बाणावलीचा, १६५१ चा जन्म. डचांनी इथे कॅथलिक धर्माला बंदी घातली, धर्मगुरूंना हाकललं, तेव्हा हा माणूस १६८७ मध्ये भिकाऱ्याच्या वेषात अनवाणी जाफन्याला उतरला. तमिळ शिकला, सिंहली शिकला. कँडीच्या राजाने हेर समजून कैदेत टाकलं, तरी परत गेला नाही. रात्रीच्या वेळी घराघरांत मिस्सा केल्या. १७११ मध्ये कँडीतच वारला. १४ जानेवारी २०१५ ला पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत समुद्राकाठच्या मैदानावर त्याला संत जाहीर केलं. आमच्याकडे गोव्याचं नाव निघालं की संत फ्रान्सिस झेवियरचीच आठवण निघते. वाझबाबाची फारशी निघत नाही. इथे मात्र कोकणी मुलखातल्या त्या माणसाला लोक आपलाच मानतात, आणि मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

घरी आलो तर केकचं काम चालू होतं. इथला नाताळचा केक मैद्याचा नसतो, रव्याचा असतो. रवा हलका भाजून लोण्यात भिजवतात, त्यात काजू, मनुका, आल्याचा पाक, कोहळ्याचे साखरेत मुरवलेले तुकडे, गुलाबपाणी, मध आणि पुष्कळ अंडी. सुकामेवा दोन-तीन आठवडे आधी कापून ब्रँडीत घालून ठेवायचा. आंटीचा केक आधीच भाजून झाला होता, आज तो कापून बांधायचा होता. दोन बोटांएवढे तुकडे, आधी तेलकट कागदात, मग सोनेरी कागदात, दोन्ही टोकं पाकिटासारखी दुमडून. मी, आंटी आणि लेक तिघी जमिनीवर बसलो. आंटीचा तुकडा तीन घड्यांत तयार व्हायचा, माझा सात-आठ. ती म्हणाली, गेल्या वर्षी, देश आर्थिक संकटात असताना, केक केलाच नव्हता. लोणी नव्हतं, गॅस नव्हता, असलं तरी परवडत नव्हतं. यंदाही अंडी महाग, देशात भारतातून अंडी आणावी लागली. दोनशेच्या वर तुकडे झाले. "गल्लीत सगळ्यांकडे जाणार," ती म्हणाली, "सिंहली, तमिळ, मुस्लिम, सगळ्यांकडे."

मध्यरात्रीची मिस्सा सेंट मेरीत. १८७४ मध्ये बांधायला घेतलेलं आणि १९२२ मध्ये पुरं झालेलं हे चर्च गावाच्या मधोमध आहे. छतभर चित्रं. बसायला जागा नव्हती, आम्ही बाजूच्या दाराशी उभे. मिस्सा सिंहलीत. एक शब्द कळत नव्हता आणि तरी कुठे उभं राहायचं, कुठे गुडघे टेकायचे, कुठे काय म्हणतात, सगळं कळत होतं. शांतीचा नमस्कार करायची वेळ आली तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हातारीने वळून हात जोडले. आम्हीही जोडले. वसईतही आम्ही असेच हात जोडतो. बाराच्या ठोक्याला बाहेर फटाके सुरू झाले, घंटा वाजायला लागल्या आणि बाबा मराठीत, मोठ्याने, आपलं नाताळचं गाणं म्हणायला लागले. कुणी वळून बघितलं नाही. चाल तीच होती.

२५ डिसेंबर, सोमवार

सकाळी टेबलावर किरिबत. किरि म्हणजे दूध, बत म्हणजे भात. नारळाच्या दुधात शिजवलेला भात थापून, शंकरपाळ्यासारखा कापलेला. सोबत लुणुमिरिस, म्हणजे कांदा, लाल मिरची आणि मीठ पाट्यावर वाटलेलं. क्षीर, भात, लवण, मिरची. बाबा पहिला घास खाऊन म्हणाले, "ही आपलीच भाषा हाय गो बाय, फक्त वेगळ्या होडीतून आली." त्याशिवाय ब्रदर नावाचा डचांचा गोडसर पाव, त्यावर लोणी आणि चीज. एकाच टेबलावर किती राज्यं येऊन गेली होती!

दुपारी खेकड्याचं कालवण आणि माशाचं आंबूलतियल. यात कुप्याचे तुकडे गोरकाच्या काळ्या, सुकवलेल्या फोडी आणि मिरी वाटून त्यात अगदी कोरडे शिजवतात. गोरका आपल्या कोकमाचाच भाऊबंद, फक्त जास्त आंबट. मी कृती लिहून घेतली. गोरका वसईत मिळणार नाही, आमसुलावर करून बघेन.

दिवसभर गल्लीतून पोरं ताटं घेऊन येत-जात होती. समोरच्या मुस्लिम घरातून वटलप्पन आलं, गूळ, अंडी आणि नारळाच्या दुधाचं. संध्याकाळी आम्ही चौघं नुसते वाळूत बसलो. नवऱ्याने चार महिन्यांनी लेकीला जवळून बघितलं होतं. ती त्याला खांद्यापर्यंत लागते, हे त्याला फोनवर कळलं नव्हतं.

२६ डिसेंबर, मंगळवार

या दिवसाला इथे दोन अर्थ होते. २००४ च्या याच तारखेला त्सुनामी आली. सकाळी ९:२५ ला देशभर दोन मिनिटं शांतता पाळतात. अंकल रस्त्यावर उभे राहिले, आम्हीही त्यांच्यामागे. निगोंबोला दक्षिण आणि पूर्व किनाऱ्याइतका फटका बसला नव्हता, पण कोळ्यांच्या गावात समुद्राने माणसं नेलेल्या दिवशी कुणी बोलत नाही.

आणि आजच पौर्णिमा होती, उंदुवप पोय. दर पौर्णिमेला इथे सुट्टी असते, दारूची दुकानं बंद. डिसेंबरची पौर्णिमा संघमित्रेची. सम्राट अशोकाची ही लेक बोधिवृक्षाची फांदी घेऊन लंकेत आली, ती या पौर्णिमेला. आंटी स्वतः चर्चची, पण आम्हाला अंगुरुकारमुल्लच्या विहारात तिनेच पाठवलं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, हातात कमळं, बोधिवृक्षाच्या पारावर तेलाच्या पणत्या. बाबा पाराशी बसले आणि नातीला सोपाऱ्याची गोष्ट सांगायला लागले. आमच्या शेजारचं नालासोपारा म्हणजे जुनं शूर्पारक. तिथे अशोकाचा शिलालेख सापडला. बुरूड राजाचा कोट म्हणतात त्या टेकाडातून १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला. आणि महावंसात, म्हणजे लंकेच्या जुन्या पाली बखरीत, लिहिलंय की सिंहलींचा पहिला राजा विजय लंकेत येण्याआधी सोपाऱ्यालाच उतरला होता, पण त्याच्या माणसांच्या दांडगाईमुळे तिथून निघावं लागलं. लेक म्हणाली, "म्हणजे आपण त्यांना हाकलून दिलं?" बाबा म्हणाले, "म्हणून तर आता भेटायला आलो."

संध्याकाळी नवरा कोलंबोला परतला. आणखी दोन महिने.

२७ डिसेंबर, बुधवार

दुपारचं विमान. पहाटे बाबा खोलीत नव्हते. किनाऱ्यावर सापडले. सणानंतर आज समुद्र पुन्हा सुरू झाला होता. एक ओरुव वाळूला लागत होती आणि तिच्यावर दोनच माणसं होती. लाट मागे ओढत होती. बाबांनी चपला काढल्या, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि पाण्यात गेले. उलांडीच्या काठीला खांदा लावला. त्यांनी आपल्या भाषेत आरोळी दिली, यांनी आपल्या भाषेत, आणि तिघांनी मिळून एका लाटेवर होडी वर काढली. जाळ्यात मूठभर तारल्या होत्या. त्यातल्या वयस्कर माणसाने चार तारल्या उचलून बाबांच्या हातावर ठेवल्या.

बाबा त्या हातात धरून आले, "आंटीला तळायला दे," म्हणाले. तिने तळल्या. आम्ही पावाबरोबर खाल्ल्या. निघताना तिने सोनेरी कागदातले चाळीस तुकडे मोजून माझ्या पिशवीत घातले, पाचूबंदरच्या आमच्या गल्लीत जितकी घरं सांगितली होती तितके.

साडेनऊला तोच थ्री-व्हीलवाला आला.